मायाक्कानं घेतलेलं नाव

माघ सरत आला होता, तरी दुधनीच्या शिवारातला गारठा हटत नव्हता. पहाटे दव इतकं पडायचं, की मेंढरांभोवतीची वाघरीची जाळी नुकती धुवून टांगल्यासारखी ठिबकत राहायची. शरणप्पाची तूर निघालेली, रान मोकळं. त्या रानात गडद्यांची मेंढरं तीन रात्री बसली होती. अजून दोन रात्री बसायची. लेंड्यांचं खत रानाला, ज्वारीचं पोतं मेंढक्याला, असा बोल झालेला. दिवाळी झाली की सांगोल्याकडच्या वस्तीवरलं घर कुलपात टाकायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, हा गडद्यांचा बापजाद्यांपासूनचा शिरस्ता.

मायाक्का कोकरांच्या ओरडण्यानं उठली. सकाळचं पहिलं काम तेच. रात्रभर वेगळ्या जाळीत कोंडलेली कोकरं एकेक सोडायची आणि ज्याची त्याला आई गाठून द्यायची. बहुतेक कोकरं आपली आपणच जातात. एखादी मेंढी मात्र अडून बसते. यंदा बांड्या तोंडाची एक पहिलटकरीण होती, ती पोराला अंगाला लागू द्यायची नाही. मायाक्का तिचा मागचा पाय आपल्या गुडघ्यात धरायची, तेव्हा कुठं कोकराच्या तोंडात सड जायचा.

"एक चापट ठिऊन दे की तिला," भीमा कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला.

"मला पहिल्या बाळंतपनात कुनी चापट दिली हुती का?"

"द्यायला पायजे हुती. पायल दोन दिस वरच्या दुदावर हुती."

"लई आठवतंय तुमास्नी. ल्योक झाल्यागत नाचत हुता तवा."

भीमा हसला आणि बांधावरच्या बाभळीकडं निघाला. व्यालेल्या मेंढ्यांना रोज कोवळा पाला लागायचा. बाभळीचं खोड दवानं काळं पडलं होतं.

"अवो, दव उतरू द्या. निसरडं हाय."

"दव उतरंस्तवर मेंढरं माझ्याच अंगाला लागतील."

तो चढला. दोन फांद्या खाली आल्या. तिसरी आली नाही, भीमाच आला. डाव्या कुशीवर, बांधाच्या दगडांवर. मायाक्का धावत पोचायच्या आत तो उठून बसलासुद्धा. मातीनं भरलेली बरगडी चोळत म्हणाला, "काय न्हाय झालं. कुऱ्हाड बघ, धार गेली का."

त्यानं चहा पिला. पाला मेंढ्यांपुढं टाकला. आणि मग घोड्याजवळ जाता जाता मधेच खाली बसला. थंडीत त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. ओठ राखेसारखे.

"पोट ओढतंय गं," एवढंच म्हणाला.

शरणप्पा आपला टेम्पो घेऊन आला. त्यानं एकदा भीमाकडं बघितलं आणि त्याची मराठी कानडीत गेली. "बेगा, बेगा! लवकर उचला ह्येला. मायाक्का, मेंढरं माझी बायको बघंल, तू चल."

अक्कलकोटला एका डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, सलाईन लावली आणि म्हणाला, आत रक्त सांडतंय, वेळ घालवू नका, सोलापूर गाठा. टेम्पोच्या हौद्यात गोणपाटावर भीमा पडला होता, डोकं मायाक्काच्या मांडीवर. एका हातानं तिनं सलाईनची बाटली वर धरली होती, दुसऱ्या हातानं फोन. फोनवर धाकटा दीर बिभीषण.

"हितंच आना वैनी, आमच्या दवाखान्यात," बिभीषण म्हणाला. "आज मंगळवार, मी आईला घेऊन हितंच हाय. सगळी वळखीची हायत."

बिभीषण सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात होता. एका खोलीत बायको पूनम आणि म्हातारी बजाबाई. म्हातारीची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातनं दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागायचं. ते सगळं बिभीषणच्या कार्डावर फुकट व्हायचं. त्या कार्डाला तो देवाच्या टाकासारखा जपायचा. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फळीवर.

भीमाकडं तसं कार्ड नव्हतं. म्हणजे होतं, पण उपयोगाचं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात गावातल्या रेशन दुकानात फर्मान आलं, की कार्डावरच्या प्रत्येक माणसानं येऊन मशीनवर अंगठा द्यायचा. तेव्हा भीमा आणि मायाक्का मेंढरांबरोबर इकडंच, अडीचशे मेंढरं आणि एक घोडं घेऊन. कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मेंढरं सोडून कोण जाणार? पावसाळ्यात माघारी गेले तर दोघांची नावं कमी झालेली. रेशन गेलं ते गेलंच, त्याच्या पाठोपाठ दवाखान्याची योजनाही गेली. अर्ज दिला होता. दुकानदार म्हणाला होता, दिवाळीनंतर या. दिवाळीनंतर मेंढरं निघाली.

दवाखान्याच्या फाटकात बिभीषण उभाच होता. भीमाला स्ट्रेचरवर घेतलं, सलाईन जोराची सोडली, आत नेलं. बिभीषणनं मायाक्काला खांबाआड ओढलं आणि आपलं कार्ड तिच्या हातात कोंबलं.

"ह्ये लावा."

"आन?"

"आन काय? आमी दोघं एकाच चेहऱ्याचं. फोटू बी आठ वर्सामागचा हाय. दादा म्हंजी मी. तुमी माझी बायकू."

"भावजी!" मायाक्का मागं सरली. ती लग्न होऊन आली तेव्हा ह्या पोराला मिसरूडही फुटलं नव्हतं.

"आपरेशन हाय वैनी. कार्डाबिगर टेबलावर घेनार न्हाईत. लई तर सरकारी दवाखान्यात न्या म्हनतील. डॉक्टर आताच म्हनला, हलवलं तर वाटंत जाईल."

दारातनं भीमाचा पाय दिसत होता. टाचेला अजून शरणप्पाच्या रानातली काळी माती. मायाक्कानं कार्ड मुठीत धरलं.

योजनेच्या खिडकीवर अंकिता नावाची पोरगी बसली होती. बोलायला गोड, हाताला वेगवान.

"मावशी, पेशंटचं नाव?"

"बिभीषन ज्ञानबा गडदे," मायाक्का म्हणाली.

अंकिता संगणकावरनं मान वर करून हसली. "वा! पटकन घेतलंत की नाव. तुमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. काल एकीनं मला अर्धा तास नुसतं 'आमचं त्ये' म्हणून बसवून ठेवलं."

धाकट्या दिराचं नाव घ्यायला काय लागतं? आयुष्यभर त्याला जेवायला हाका मारल्या होत्या. नवऱ्याचं नाव असतं तर मायाक्काची जीभ उचललीच नसती. बावीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. घरात 'अवो', लोकांत 'पायलचं बा'. खोटं बोलणं तिला एवढं सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

"इमर्जन्सी आहे म्हणून नंबर टाकून घेते. अंगठा आणि बाकीचे कागद संध्याकाळी द्या," अंकिता म्हणाली.

बिभीषणनं मागनं हळूच सांगितलं, "अंगठा मीच दीन की. माझाच हाय." आणि तो जिना चढून वर आईकडं गेला. वरच्या मजल्यावरची माणसं त्याला बिभीषण म्हणून ओळखत होती. खाली कुणी त्या नावानं हाक मारली असती तर घोटाळा झाला असता.

सगळं ठरलं होतं. फक्त भीमाला सांगायचं राहून गेलं होतं.

तरुण डॉक्टर त्याच्यावर वाकला होता. "काका, डोळे उघडा. नाव काय तुमचं?"

"भीमा."

डॉक्टरनं कागद बघितला. "पुन्हा सांगा."

"भीमा ज्ञानबा गडदे."

"कुठं आहात आत्ता?"

"सोलापुरात. दवाखान्यात."

"वार कोणता?"

"मंगळवार. आईचा धुवायचा वार."

डॉक्टर सिस्टरकडं वळला. "बाकी सगळं बरोबर सांगतोय, नावच चुकतंय. काकू, पडले तेव्हा डोक्याला मार लागला का?"

"न्हाय. कुशीवर पडलं."

"तुम्ही बघितलंत?"

"म्या बघितलं की. डोस्कं टेकलंच न्हाय."

"मग स्वतःचं नाव कसं विसरतोय माणूस? डोक्यात रक्तस्राव असला तर भूल देताना घोटाळा होईल. आधी डोक्याचा सीटी करून घ्या."

नवरा खरं बोलत होता आणि त्याचं खरं हाच आजार ठरत होता. स्ट्रेचर ढकलत नेताना ती बरोबर चालत राहिली. भीमानं तिचं मनगट धरलं. हात बर्फ.

"मला बिभीषन का म्हनत्यात गं?"

"कुनी इचारलं तर तसंच म्हना. पाया पडते."

"त्यो कुटं गेला?"

"वर हाय, आत्याबाईंजवळ."

भीमानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "त्याला म्हनावं, म्हातारीचं बघ." त्याला कळलं होतं का ती जे सांगत होती ते, का तो नुसताच आईच्या आठवणीत होता, हे मायाक्काला समजलं नाही.

सीटीला अर्धा तास गेला. डोकं स्वच्छ निघालं. पण पोट एवढ्यात तट्ट झालं होतं आणि सिस्टर दर पाच मिनिटांनी दंडाला पट्टा गुंडाळून आकडा मोठ्यानं सांगायची. दरवेळी आकडा खाली. मोठे सर्जन आले. म्हणाले, प्लीहा फुटलीय, टेबल तयार आहे, रक्त आलं की घेऊ. चार पिशव्या मागवा.

रक्त आलं नाही. फोन आला. तरुण डॉक्टर फोनवर आधी साधा बोलत होता, मग त्याचा आवाज चढला.

"नमुना मी स्वतः काढलाय. ओ पॉझिटिव्हच येणार... काय? जुन्या नोंदीत बी पॉझिटिव्ह? कसली जुनी नोंद?"

ती नोंद मायाक्काला ठाऊक होती. दोन वर्षांमागं बजाबाईला रक्त लागलं, तेव्हा बिभीषणनं ह्याच दवाखान्यात दंड पुढं केला होता. भीमा तेव्हा मेंढरांत होता. नंतर कितीतरी दिवस बिभीषण फुशारकी मारायचा, आईचं न माझं रगत एकच निघालं, दादाचं बघायला पायजे.

डॉक्टरनं पुन्हा नमुना काढला, स्वतः चिठ्ठी लिहिली, स्वतः वॉर्डबॉयला पळवलं. पुन्हा फोन. पुन्हा तेच. रक्तपेढीवाले म्हणत होते, एकाच माणसाची दोन रक्तं असत नाहीत. कुठंतरी नमुने बदललेत. चुकीचं रक्त चढलं तर माणूस पिशवी संपायच्या आत मरतो. घोटाळा सुटेपर्यंत पिशवी सुटणार नाही. कुणालाही चालणारं ओ निगेटिव्ह रक्त शिल्लक नव्हतं.

"काकू, ह्यांनी इथं रक्त दिलं होतं का कधी?"

मायाक्का जिन्याकडं पळाली.

वरच्या खोलीत मशीनं ओळीनं लागली होती. बजाबाई झोपली होती. तिच्या हातातनं रक्ताची लाल नळी निघून मशीनमध्ये जात होती आणि दुसऱ्या नळीतनं परत येत होती. खाली एका माणसाला थेंब मिळत नव्हता. बिभीषण स्टुलावर बसला होता. मायाक्कानं एका श्वासात सगळं सांगितलं.

तो स्टुलावरनं उठला. "थांबा वैनी. कायतरी दुसरं सांगू. म्हनावं, तवा रगत मी न्हाय, दुसऱ्यानं दिलं हुतं, माझ्या नावानं."

"त्ये खरं करंस्तवर ते जगत्यात व्हय?"

"आन खरं सांगितलं की कार्ड बंद! शुक्रवारी आईला कुटं घालू? आठ दिस निघत न्हाईत तिचं मशीनीबिगर, तुमाला ठाव हाय." त्यानं म्हातारीकडं हात केला. "आईला इचारा. तिचा जीव हाय, तिला तरी इचारा."

मायाक्कानं सासूकडं बघितलं. तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरनं घसरलेला. ही बाई तिला कधी गोड बोलली नव्हती. पायलच्या वेळी मात्र तीन आठवडे तिच्या अंगाला हिनंच तेल चोळलं होतं. उठवलं असतं तर काय म्हणाली असती? व्हय म्हणाली असती तर ते ओझं जन्मभर. न्हाय म्हणाली असती तर मग काय केलं असतं?

तिनं पदर सासूच्या खांद्यावर नीट घातला.

"झोपल्यात. झोपू द्या," म्हणाली आणि खाली आली.

डॉक्टर दारातच होता, फोन कानाला.

"डॉक्टरसायब, त्यांचं नाव बिभीषन न्हाय."

"मग काय?"

मायाक्कानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. जीभ टाळूला चिकटली होती. सिस्टर बघत होती, शरणप्पा बाकावरनं उठून उभा राहिला होता. तिनं हाताची मूठ छातीवर मारली, घशात अडकलेला घास पाडावा तशी.

"भीमा," ती म्हणाली. मग ओरडलीच, "भीमा! भीमा ज्ञानबा गडदे. ते खरं बोलत हुते. त्यांचं डोस्कं चांगलं हाय. कार्ड दिराचं हाय, रगत बी दिराचंच लिवलंय. ह्यांचं कायसुदीक तुमच्याकडं लिवल्यालं न्हाय."

डॉक्टर फोनमध्ये बोलला, "नमुना बरोबर आहे, नाव चुकीचं होतं. ओ पॉझिटिव्ह, चार, आत्ता पाठवा. सही मी करतो." फोन ठेवून तिला म्हणाला, "बाई, एक तास! तुमच्यामुळं एक तास..." आणि वाक्य तसंच टाकून आत पळाला.

दार लागलं. अंकिता खिडकीतनं उठून आली होती.

"मावशी, मी तुमचं कौतुक केलं हो मघाशी."

"चुकलं बाई माजं."

"मला हे वर कळवावंच लागेल. नाही कळवलं तर माझी नोकरी जाईल. चौकशी होईपर्यंत कार्ड थांबणार. सगळ्या घराचं." ती घुटमळली. "तुमच्या सासूबाईंचंही."

"व्हय," मायाक्का म्हणाली. शरणप्पानं तिला धरून बाकावर बसवलं आणि कुठूनतरी पाण्याची बाटली आणून दिली. ती त्यानं दोनदा उघडून दिली, तरी तिला पिता आली नाही.

भीमा वाचला. म्हणजे टेबलावरनं जिवंत खाली आला. पोटाला उभा टाका, नाकात नळी. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द 'मेंढरं' निघाला. तिसऱ्या दिवशी, हलवण्यासारखा झाल्यावर, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. झालेल्या आपरेशनसाठी सतरा मेंढ्या बाजारात घालायचं ठरलं, आणि व्यापारी शरणप्पाच्या रानात येऊन मेंढ्यांच्या पाठी दाबून गेला.

शुक्रवारी बजाबाईचं मशीन नव्हतं. खिडकीवर कार्ड 'चौकशीत' निघालं. बिभीषण सरकारी दवाखान्यात रांगेला उभा राहिला. तिथं आधीच नंबर धरून बसलेल्या लोकांची रांग होती. तिचा नंबर सोमवारी. सोमवारपर्यंत पाणी दिवसाला एक पेलाभर, भाजी नाही, फळ नाही.

भीमाजवळ शरणप्पाला बसवून, रानात निघायच्या आधी मायाक्का बिभीषणच्या खोलीवर गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पावलं सुजून चकाकत होती. पूनम चुलीकडं तोंड करून होती, वळलीच नाही.

मायाक्का पाया पडायला वाकली. सुजलेल्या पावलाला हात लावला तर बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"लग्नात मांडवभर बाया बसल्या हुत्या," बजाबाई दम खात म्हणाली. "नाव घे, नाव घे म्हनून माझं तोंड दुखलं. तवा पदर तोंडात कोंबून बसलीस. आन घेतलंस ते असं. दवाखानाभर."

"आत्याबाई..."

"मला उठवायचं हुतं."

"काय म्हनला असता?"

बजाबाईनं सुजलेला पाय हातानं ओढून जवळ घेतला. मग म्हणाली, "त्येच तर. मला बी ठाव न्हाय." आणि पेल्याकडं बोट केलं. पेल्यात तळाला दोन घोट होते. मायाक्कानं तो तिच्या ओठाला लावला आणि एक घोट झाल्यावर काढून घेतला. सोमवार लांब होता.

शनिवारी पहाटे ती शरणप्पाच्या रानात होती. गारठा तसाच. वाघर ठिबकत होती. बांधावर बाभळीच्या, पाला खाऊन उरलेल्या दोन फांद्या वाळून पडल्या होत्या, त्यांच्याजवळ कुऱ्हाड. दवानं पात्याला गंज धरला होता. शरणप्पाच्या बायकोनं मेंढरं राखली होती, पण कोकरं काही तिला जमली नव्हती. बांड्या तोंडाच्या मेंढीच्या पोराचं पोट खपाटीला गेलं होतं.

कनवटीला फोन वाजला. बिभीषण. मायाक्कानं पदराला हात पुसून तो कानाला लावला.

"वैनी, आईला धाप लागलीया. तिला घिऊन निघालोय. नंबर नसला तरी दारात बसतो."

"बसा. उठू नगा तितनं. मला फोन करत ऱ्हावा."

तिनं फोन परत खोवला. कोकरं जाळीला तोंडं लावून ओरडत होती. तिनं जाळीची गाठ सोडली, ती धावली, ज्याची त्याला सापडली. एक तेवढं मधेच उभं राहिलं, लटपटत. मायाक्कानं ते काखेत घेतलं, बांड्या मेंढीला गाठलं, तिचा मागचा पाय गुडघ्यात आवळला आणि कोकराच्या तोंडात सड दिला.